मायच्या पानावर मनाई

पवनी, जि. भंडारा
३ ऑगस्ट २००६

चि. रुचिताले मोठेबाबाचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणली, "मोठेबाबा, मी सांगते तसे दोन बटन दाबा, काम होऊन जाते." नाही दाबणार. पस्तीस वर्ष फॅक्टरीच्या गेटवर काढले, पास सेक्शनमंदी. तोंडी हुकमावर मी साहेबाचा कुत्राबी आत सोडला नाही. मले कागद पाहिजे, तारीख पाहिजे, खाली सही पाहिजे. म्हणून पत्र लिहून राहिलो. तूबी पत्रच लिहिजो.

आता भानगड आयक. छप्पन साली पवनीतून अन् आजूबाजूच्या खेड्यातून नागपूरले दीक्षेले जे जे गेले, त्यायच्या नावाची अन् आठवणीची वेबसाइट तू काढून देल्ली. येत्या १४ ऑक्टोबरले पन्नास वर्ष होतात. त्या दिवशी विहारात पांढरा पडदा बांधून सगळ्यायले ते पान दाखवाचं ठरलं आहे. समितीत आमी तिघं: मी, पुंडलिक अन् वाचनालयाच्या रत्नमालाबाई. तिघायले तीन लॉगिन अन् तिघायचा मिळून एक ग्रुप, हेबी तूच केलं. इथवर सगळं बराबर.

पुंडलिक तुले माहीत आहे. हेडमास्तर होता, रिटायर झाला, पण लाल पेन काही रिटायर झाला नाही. लग्नाची पत्रिका आली तं पहिले तपासते, मंग लग्नाले जाते. नावायचं पान मी टाइप केलं, दोनशे बारा नावं, एका बोटानं, सतरा दिवस. त्यात म्हणे त्याले 'एक दुरुस्ती' कराची आहे. कोणती ते सांगत नाही. ह्रस्व-दीर्घ असन, दुसरं काय! तो आपल्या लॉगिननं माहं पान उघडते तं वाचाले भेटते, पण लिहाले गेला का मशीन म्हणते, 'परमिशन डिनाइड'. त्याले वाटते मीच कुलूप ठोकलं.

मी चांगल्या मनानं म्हणलो, "बाबू, अर्ज दे. काय बदलाचं ते लिहून दे, मी बदलून देतो." बस! "मी? तुले अर्ज देऊ?" म्हणे, अन् उजवी चप्पल डाव्या पायात घालून निघून गेला. बारा दिवस झाले, बोलत नाही. सकाळी नदीकडे फिराले जातो तं मले पाहून रस्ता बदलते. पोरी, पन्नास-पंचावन्न वर्षाची दोस्ती आहे. त्याची माय, फुलीमाय, तिच्या एका ताटात आमी दोघं जेवलो. अन् आता ह्या मशीनच्यानं बोलणं बंद!

मी कुलूप लावलंच नाही. मंग लावलं कोणं? लेखी कळव.

तुहा मोठेबाबा,
आनंदराव


पुणे
१२ ऑगस्ट २००६

ती. मोठेबाबांना जयभीम.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? ठीक कुठलं! साठीचे दोन म्हातारे रुसून बसलेत.

कुलूप तुम्ही लावलं नाही, सर्व्हरनं आपोआप लावलं. कोणतंही नवं पान तयार झालं की त्यावर कोणाला काय करता येईल, हे आधीच ठरवून ठेवणारा एक आकडा असतो. त्याला यूमास्क म्हणतात. सध्या तो 022 आहे. त्याच्या जागी एवढंच लिहायचं:

umask 002

तीन आकडे कोणाचे, ते सांगते. पहिला मालकाचा, म्हणजे तुमचा. दुसरा ग्रुपचा, म्हणजे पुंडलिककाका आणि रत्नमालाबाईंचा. तिसरा बाकी दुनियेचा. 4 म्हणजे वाचणं, 2 म्हणजे लिहिणं, 1 म्हणजे चालवणं, सगळं मिळून 7. कोणत्या फाइलमधे कुठल्या ओळीवर लिहायचं ते मागच्या पानावर चित्र काढून दाखवलं आहे. हा नियम फक्त नव्या पानांना लागतो. जुन्या पानाचं काय करायचं ते पुढच्या पत्रात लिहिते, कारण कंपनीची बस हॉर्न वाजवतेय.

खरं म्हणजे तुम्ही पासवर्ड दिलात तर मीच इथून पाच मिनिटांत करून टाकेन.

सही केली आहे. शिक्का माझ्याकडे नाही.

तुमची
रुचिता


पवनी
९ सप्टेंबर २००६

चि. रुचिताले जयभीम.

पासवर्ड भेटणार नाही. गेटची चाबी कोणी टपालानं धाडते का?

तुहं पत्र फायलीले लावलं. झेरॉक्स रत्नमालाबाईले देल्ली. पण पोरी, बसच्या घाईत तुह्या हातून चूक झाली. मी तीन दिवस त्या आकड्याकडे पाहून राहिलो. 002! पहिला आकडा माहा, तं मले शून्य. दुसरा पुंडलिकचा, त्याले शून्य. अन् ज्यायले आपण ओळखतबी नाही, त्यायले दोन? सांग बरं, हे काय गेट झालं का? घरचे लोक उन्हात उभे, अन् रस्त्यावरचा आत जाऊन लिहून राहिला! असा पास माह्या टेबलावर आला असता तं मी पास देणाऱ्यालेच बसवून ठेवला असता.

म्हणून मी दुरुस्त केलं. मले सात. पुंडलिकले सात, पूर्ण! बारा दिवसाचे एकोणपन्नास दिवस झाले तरी तो बोलत नाही, पण मी मन लहान केलं नाही. बाकी दुनियेले चार, म्हंजे फक्त वाचाले. झालं 774. हिशेब चोख आहे का नाही?

तूच लिहिलं का नियम नव्या पानालेच लागते. मंग जुनं पान पुसून टाकलं अन् वहीतून पाहून सगळे दोनशे बारा नावं पुन्हा टाइप केले. ह्या खेपेले चौदाच दिवस लागले. एक बोट आता चांगलंच चालते. आजच काम संपलं अन् सगळं एकदम पानावर चढवलं. रत्नमालाबाईच्या हातून पुंडलिकले निरोप धाडला का बाबू, तुले सातही हक्क देले, ये अन् कर तुही वेलांटी.

मोठेबाबा

ता. क. पाकीट बंद करता करता पान उघडून पाहालं तं मशीन मलेच म्हणते, 'परमिशन डिनाइड'. लाइन खराब असन.


पवनी
१४ सप्टेंबर २००६

चि. रुचिता हिस सप्रेम जयभीम.

तुझे १२ ऑगस्टचे पत्र रत्नमालाबाईंनी दाखविले. त्यात 'फाइलमधे' असे लिहिले आहे. 'फाइलमध्ये' असे हवे. असो.

आनंदरावाचा निरोप आला की मला सातही अधिकार दिले आहेत. मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून वाचनालयात गेलो. रत्नमालाबाईंनी पान उघडले. पानावर यादी नव्हती. एकही नाव नव्हते. इंग्रजीत एकच शब्द होता, 'फॉरबिडन'. मी तेवीस वर्षे इंग्रजी शिकविले आहे, अर्थ मला ठाऊक होता. तरीही मी कपाटातून शब्दकोश काढला, कारण माझा विश्वास बसेना. मनाई. शब्दकोशातही तेच होते.

मग मी माझ्या लॉगिनने आत शिरून पाहिले. पूर्वी निदान वाचता येत होते. आता तेही बंद.

रुचिता, मी शुद्ध लिहिणारा माणूस आहे, पण आता लिहवत नाही. पोरी, माह्या मायले गावच्या विहिरीवर मनाई होती. देवळाच्या पायरीवर मनाई होती. अन् पन्नास वर्षानं तिचं नाव जिथं लिहिलं त्या पानावर मनाई! अन् ते लावणारा कोण, तं तिच्या हातचा भात खाल्लेला आनंद!

दुरुस्ती कोणती, ते तुलाच सांगतो. यादीत सदतिसावे नाव 'फुलीमाय' असे आहे. सारा गाव तिला फुली म्हणायचा. बांधावरून हाक मारायला तेवढे नाव लोकांना पुरत होते. नागपूरहून दीक्षा घेऊन आली, आणि दुसऱ्या दिवशी धानकापणीला मालकाने हाक मारली, "ए फुले!" ती उठली नाही. दुसरी हाक आली, उठली नाही. तिसऱ्या हाकेला म्हणाली, "माहं नाव पंचफुला आहे." त्या दिवशी तिला काम मिळाले नाही. मी दारात उभा होतो, दहा-अकरा वर्षांचा. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही, आनंदालाही नाही.

त्या नावासाठी मी अर्ज करू? ज्याने लिहिले त्यालाच विनवू? ते नाव मीच माझ्या हाताने लिहीन, नाहीतर पडद्यावर ते पान आले की मी विहारातून उठून जाईन.

यातले एक अक्षरही आनंदाला सांगू नकोस. सांगून दुरुस्त झाले तर ती मेहेरबानी ठरेल. तुला वचनात बांधतो.

तुझा
पुंडलिककाका


पुणे
२० सप्टेंबर २००६

ती. मोठेबाबांना जयभीम.

आधी माझी चूक कबूल करते, मग तुम्हाला रागावते.

अर्धंच सांगून मी बस पकडायला पळाले, ही माझी चूक. आता नीट ऐका. यूमास्क म्हणजे पास नाही! तुमच्या फॅक्टरीच्या गेटवर तो पत्र्याचा डबा असायचा, आठवतो? बाबा मला सायकलवर तिथून न्यायचे, तेव्हा तुम्ही टेबलामागून ओरडायचे, "बिडी-माचिस डब्यात!" आत काय घेऊन जायचं ते त्या डब्यात ठेवत नव्हते. आत काय न्यायचं नाही, ते ठेवत होते. यूमास्क तो डबा आहे. त्यात जो आकडा लिहाल, तेवढं त्या माणसाकडून काढून घेतलं जातं.

आता माझं 002 पुन्हा वाचा. तुमच्याकडून काही काढायचं नाही, म्हणून शून्य. पुंडलिककाकांकडूनही काही काढायचं नाही, म्हणून शून्य. आणि अनोळखी माणसाकडून 2, म्हणजे लिहायचा पेन तेवढा काढून घ्यायचा. वाचू दे बिचाऱ्याला.

आणि तुमचं 774? तुम्ही स्वतःकडून सगळं काढून घेतलं. पुंडलिककाकांकडून सगळं काढून घेतलं. बाकी दुनियेकडून वाचणं काढून घेतलं आणि हातात पेन राहू दिला! मोठेबाबा, सगळे कामगार गेटबाहेर, खुद्द गेटवाला बाहेर, आणि परका माणूस डोळ्यांवर पट्टी बांधून आत लिहितोय, असं केलंत तुम्ही. सर्व्हरवरच्या दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नाही, हे आपलं नशीब.

यादी आत सुखरूप आहे, रडू नका. आधी डबा 002 करा. मग त्या एका पानासाठी ही ओळ लिहा. पान ज्याचं त्यालाच ती चालते, म्हणून मी इथून काही करू शकत नाही:

chmod 664 yadi.html

आता पुन्हा भांडायला याल, म्हणून आधीच सांगते. ह्या ओळीतले आकडे देण्याचे आहेत, काढण्याचे नाहीत. तुम्हाला सहा, ग्रुपला सहा, म्हणजे वाचणं अधिक लिहिणं. दुनियेला चार. एकात द्यायचं आणि एकात काढायचं असं का केलं, ते मला विचारू नका. ज्यानं केलं तो आपल्या गेटवर कधी आला असता तर तुम्ही त्याला सोडला नसता, एवढं नक्की.

आणि आता रागावते. पुंडलिककाकांची दुरुस्ती ह्रस्व-दीर्घाची नाही. मला माहीत आहे, सांगणार नाही, वचन दिलंय. तुम्ही त्यांच्या घरी जा. अर्ज मागू नका.

तुमची
रुचिता
(सही दोनदा केली आहे, एक डब्यासाठी आणि एक पानासाठी.)
रुचिता


पवनी
३० सप्टेंबर २००६

चि. रुचिताले जयभीम.

डबा! अवं बाप्पा, पहिलेच डबा म्हणाचं न! पस्तीस वर्ष मी तेच केलं. हजारो लोकायची माचिस काढली, एक चुकली नाही, अन् ह्या मशीनच्या डब्यात स्वतःच जाऊन बसलो. तुही मोठीआई हसून हसून पाटावरून पडली. एवढं हसाचं काही कारण नव्हतं.

तू लिहिल्यापरमाणं केलं. दोन्ही ओळी टाइप केल्या, रत्नमालाबाईनं साक्षीले सही केली. पान उघडलं. दोनशे बाराही जागेवर आहेत.

मंग पुंडलिकच्या घरी गेलो. त्याची घरवाली कुंताबाई चांगली बाई, चहा ठेवला. तो पेपराच्या मागं. मी म्हणलो, "गेट उघडं आहे गा. काय लिहाचं ते लिही. मी तपासणार नाही." पेपराच्या मागून आवाज आला, "लेखी आहे का?" घ्या! माहंच औषध मलेच पाजलं. मी तिथंच कागद मागून लिहून देल्लं का 'श्री. पुंडलिकराव यांनी सदर पानावर काहीही लिहिन्यास माझी हरकत नाही.' त्यानं लाल पेन काढला, 'लिहिन्यास' चं 'लिहिण्यास' केलं, कागद खिशात टाकला अन् पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. चहा मी एकट्यानंच पेलो.

त्याले चार दिवस झाले. मी रोज सकाळी वाचनालय उघडाच्या पहिले पायरीवर जाऊन बसतो. रत्नमालाबाई पान उघडते, मी पाहातो. काहीच बदललं नाही. एक काना नाही, एक मात्रा नाही. तो येतच नाही लिहाले.

रुचिता, आता मले भेव वाटून राहिलं. ह्रस्व-दीर्घ नाही म्हणतेस, तं मंग माहं असं काय चुकलं? मी सगळे नावं तीनदा वाचले. फुलीमायच्या नावावर तं मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो होतो. नागपूरले जाताना माह्या पायाले फोड आले, तं माही माय नव्हती म्हणून तिनं मले पाठीवर घेतलं अन् पुंडलिकले पायी चालवलं. त्याचा राग त्यानं कधी धरला नाही. अन् आता धरला. १४ तारखेले तो विहारात माह्या बाजूले बसला नाही तं मी त्या पडद्याकडे पाहून काय करू?

वचन मोडू नको. पण हे आंगावर घेऊन मले झोप येत नाही.

मोठेबाबा


पुणे
६ ऑक्टोबर २००६

ती. मोठेबाबांना जयभीम.

वचन मोडत नाही. एकच विचारते. पुंडलिककाकांना तुम्ही अर्ज मागितला होता. त्यांना तुम्ही कधी अर्ज दिलाय का?

रुचिता


पवनी
१६ ऑक्टोबर २००६

चि. रुचिताले जयभीम.

हे पत्र लिहून राहिलो तं पुंडलिक बाजूले बसला आहे, हातात लाल पेन घेऊन. मधात कुठं लाल दिसलं तं ते त्याचं. कागद मी दोघायच्या मधात ठेवला आहे.

तुही एका ओळीची चिठ्ठी ११ तारखेले भेटली. मी दिवसभर इचार केला. संध्याकाळी फुलस्केप कागद घेतला अन् लिहिलं: 'अर्जदार आनंदराव, सेवानिवृत्त, पवनी. विषय: माझी चूक काय ते कळविणेबाबत. महोदय, पान मी लिहिलं पण नावं माही नव्हती. काय चुकलं ते मले समजत नाही. न सांगताच दुरुस्त केलं तरी चालन. फक्त विहारात बाजूले बसाची परवानगी द्यावी, ही विनंती.' खाली सही केली, तारीख टाकली, अन् त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.

लाल शाईत: अर्ज दोन प्रतींत आणला होता. दुसरी प्रत पोच देण्यासाठी.

मंग! बिना पोच अर्ज असते का? त्यानं अर्ज वाचला. पेन काढला नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. 'पोहोचला' म्हणून सही देल्ली अन् आत निघून गेला.  मी समजलो का नामंजूर, मंग पान पाहालेबी गेलो नाही.

१४ तारखेले विहार गच्च भरलं. पवनीचे होते, खेड्याचे होते, जिल्हा फुटल्यावर गोंदियात गेलेल्या गावायचेबी आले होते. म्हाताऱ्या बाया पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. मी मागं, भिंतीले टेकून. बाजूची सतरंजी रिकामी ठेवली होती. वंदना झाली तरी रिकामी. रत्नमालाबाईनं पान लावलं अन् एकेक नाव वाचाले लागल्या. विसाव्या नावाले बाजूले कोणी येऊन बसलं. मी पाहालं नाही. पाह्याची हिंमतच नव्हती.

लाल शाईत: कुंता दाराला कुलूप लावायला विसरली होती. परत जावे लागले.

सदतिसावं नाव आलं. मले पाठ होतं, मीच दोनदा टाइप केलं होतं. पण पडद्यावर ते नव्हतं. तिथं असं होतं:

'३७. पंचफुलाबाई. नागपूरहून परत आल्यावर तिने याच नावाने हाक मारायला लावली. मात्र आनंदा तिला फुलीमाय म्हणे. तेवढी परवानगी तिने त्याला दिली होती.'

रुचिता, माही एवढी उमर गेली, पण ही गोष्ट मले कधी समजली नव्हती. मी मायेनं लिहिलं होतं अन् तेच त्याले टोचत होतं. त्या म्हाताऱ्या बायायनं तिचं पूर्ण नाव मोठ्यानं म्हणलं. माह्या डोयात कचरा गेला.

लाल शाईत: कचरा नव्हता. माझ्या खांद्यावरचा शर्ट ओला झाला. कडक इस्त्रीचा.

आता मशीनचं. डबा 002 वरच ठेवला आहे. पुंडलिक रोज जाऊन माह्या पानावर काहीतरी करते, मी तपासत नाही. म्हंजे एकदाच तपासलं. फॅक्टरीची सवय आहे, एकदम कशी जाईन? पासवर्ड अजूनबी देणार नाही, इचारू नको. दिवाळीच्या सुट्टीत ये. नदीवर तिघंबी जाऊ, एकाच रस्त्यानं.

तुहा मोठेबाबा,
आनंदराव

लाल शाईत: वरील पत्रात शुद्धलेखनाच्या एकतीस चुका आहेत. लिहिण्याची परवानगी होती. राहू दिल्या.